वेढा आणि वहाणा

ज्या वयात माझ्या बरोबरीच्या गृहस्थांनी सकाळी पर्वती चढावी आणि संध्याकाळी प्रवचनाला जाऊन बसावे, त्या वयात मला कोंडलेल्या माणसांचे चित्रपट पाहण्याचे व्यसन जडले. इमारत असो, आगगाडी असो की लढाऊ जहाज असो, दहाबारा सशस्त्र इसमांनी तिचे दरवाजे बंद करून आतल्या मंडळींना ओलीस धरले, की मी पाय वर घेऊन आरामखुर्चीत सुखाने स्थिर होतो. आणि असे कितीतरी वेढे शेवटपर्यंत पाहिल्यावर माझी अशी खात्री झाली आहे, की त्यांतल्या बंदुका केवळ शोभेच्या असून खरा निकाल माणसाच्या क्षुल्लक शारीरिक गरजांवरच लागतो.

या कुळाचा मूळपुरुष, निदान माझ्यापुरता, १९८८ सालचा ‘डाय हार्ड’. रुसलेल्या बायकोची समजूत घालण्यासाठी न्यूयॉर्कचा पोलीस अंमलदार जॉन मॅक्लेन नाताळच्या आदल्या संध्याकाळी लॉस एंजेलिसला येतो. विमानातला एक परोपकारी सहप्रवासी त्याला सल्ला देतो, की मुक्कामी पोहोचल्यावर बूटमोजे काढून गालिच्यावर पायांच्या बोटांच्या मुठी वळाव्या, म्हणजे शीण जातो. बायकोच्या कचेरीत, नाकाटोमी कंपनीच्या त्या गगनचुंबी इमारतीत, तो नेमका हा प्रयोग करीत असताना गोळीबार सुरू होतो, आणि पुढचा सारा पराक्रम त्या बापड्याला अनवाणी करावा लागतो. पहिला शत्रू पडल्यावर तो आधी त्याच्या बुटांत पाय घालून पाहतो. ते लहान निघतात. देवळातून बाहेर आल्यावर स्वतःच्या वहाणा नाहीशा झाल्याचे पाहून उरलेल्या जोडांत एकेक पाय सरकवून बघणाऱ्या भाविकाची ती अगतिकता मी अनेकदा अनुभवली असल्यामुळे, त्या प्रसंगी माझा कंठ दाटून येतो. पुढे खलनायक हान्स ग्रूबर याच्या ध्यानात ती उघडी पावले येतात, आणि तो गोळ्या माणसावर न झाडता भोवतालच्या काचांवर झाडण्याचे फर्मान सोडतो. (चित्रीकरणात ब्रूस विलिसने स्वतःच्या पायांवर पायांच्याच आकाराचे रबरी जोडे चढवले होते, ही माहिती कळल्यापासून माझी सहानुभूती किंचित उणावली आहे.)

तथापि त्या इमारतीत माझ्या मते सर्वांत शहाणे माणूस कोणी असेल, तर ती मॅक्लेनची बायको हॉली. वरिष्ठाचा खून झाल्यावर ती दरोडेखोरांच्या म्होरक्यापुढे सरळ जाऊन उभी राहते आणि, आमची एक सहकारी गर्भवती आहे, तिच्यासाठी कोच द्या, व बाकीच्यांना तुकडीतुकडीने शौचकूपाकडे नेण्याची तजवीज करा, असा अर्ज तोंडी गुजरते. हान्स दोन्ही मागण्या तत्काळ मंजूर करतो. इतका तत्पर अंमलदार मी आयुष्यात कोणत्याही कचेरीत पाहिला नाही. जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला असे शाळेत शिकवले, तेव्हा इतकी माणसे इतकी वर्षे सकाळी कोठे जात असत, अशी शंका मी विचारली होती, आणि मास्तरांनी मला तास संपेपर्यंत बाकावर उभे केले होते. हॉलीने माझी ती शंका जागतिक पातळीवर नेली.

हान्सची मूळ मसलतही अभ्यासनीय आहे. चौसष्ट कोटी डॉलरांचे रोखे ज्या तिजोरीत आहेत तिचे शेवटचे कुलूप विजेवर चालणारे. ते त्याच्या माणसांना तोडता येण्यासारखे नाही. पण असे ओलीस प्रकरण उद्भवले की केंद्र सरकारचे अधिकारी दप्तरी शिरस्त्याप्रमाणे इमारतीची वीज तोडतात हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो स्वस्थ बसून राहतो. सरकार नियमाबरहुकूम वागेल, या भरवशावर एवढा मोठा दरोडा रचणाऱ्या माणसाला भाबडा म्हणावे की द्रष्टा, हे मी अद्याप ठरवू शकलो नाही.

निकाल बंदुका नव्हे, शरीरच लावते याचा आणखी एक दाखला: १९७४ सालच्या एका चित्रपटात न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीचा डबा चौघे जण अडवतात, एका तासात दहा लाख डॉलर मागतात, तेव्हा शहराचे महापौर तापाने अंथरुणात असतात आणि चौघांपैकी एकाला पडसे झालेले असते. त्याची शिंक बिनतारी यंत्रावरून पोलीस अधिकाऱ्याच्या कानी पडते, आणि शेवटी चौकशी आटोपून अधिकारी जिना उतरणार, तोच बंद दाराआडून तीच शिंक येते. “आल्याचा काढा घेतला असता तर पचलं असतं हो त्याला,” एवढाच अभिप्राय आमच्या सौभाग्यवतींनी दिला.

इतक्या व्यासंगानंतर गेल्या श्रावणात मी स्वतः वेढ्यात सापडलो. न्हाणीघराची कडी आतून अडकली. नाकाटोमीच्या ओलिसांना ज्या जागेसाठी परवानगी मागावी लागली, त्याच जागेत मी कोंडला गेल्यामुळे त्या बाबतीत तक्रारीला वाव नव्हता. पण वर पाहिले तर सुटकेची वाट म्हणून काचेच्या पट्ट्यांचा वीतभर झरोका, आणि खाली ओल्या फरशीवर माझे अनवाणी पाय. शेजारच्या चिरंजीवांनी दाराबाहेरून, “काका, घाबरू नका,” असे ओरडून मला प्रथमच घाबरवले. सुतार कोणाकडे वास्तुशांतीला जेवायला गेला होता. चहा आत येणे अशक्य असल्याने सौभाग्यवतींनी दाराखालून शब्दकोड्याचे पान सरकवले, मागोमाग पेन्सिलीचा तुकडा गडगडत आला, आणि आडवे सात अडले असता बाहेर जमलेल्या आठ जणांनी आठ निरनिराळी उत्तरे सुचवली.

दीड तासाने सुतार आला, त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार उचलून बाजूला ठेवले. मी विजयी मुद्रेने पाऊल पुढे टाकणार, तोच सौभाग्यवतींचा आवाज आला.

“अहो, थांबा तिथंच! आत्ता फरशी पुसलीय. पाय कोरडे करा आधी.”

मी पायपुसण्यावर उभा राहिलो. आणि मंडळी सुताराच्या मजुरीवरून वाद घालण्यात गुंतलेली पाहून, हळूच दोन्ही पायांच्या बोटांच्या मुठी वळून पाहिल्या.