धुरा फुटला

शिंगांना हिंगुळी रंग द्यावा म्हणून मी बादलीची खूण निवडून टिचकी मारली, आणि शिंगं, बैल, वावर, आभाळ सगळंच लालभडक झालं. यवतमाळचा मे महिना म्हणून ते चित्र सहज खपलं असतं. मला मात्र तान्ह्या पोळ्याचं शुभेच्छापत्र करायचं होतं.

शाळेत एलिमेंटरीची परीक्षा मी ‘सी’ ग्रेडमध्ये पास झालो. तेव्हा रंग रेषेबाहेर गेला तरी फार तर दोन सूत जायचा. इथे एका टिचकीत वणीपासून उमरखेडपर्यंत अख्खा जिल्हा बुडाला.

पुण्याला ॲनिमेशन शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. तो म्हणाला, “मामा, कुठंतरी रेष तुटली आहे.” या बादलीला बैल कळत नाही. टिचकी मारलेल्या ठिपक्याचा रंग ती पाहते. शेजारचा ठिपका त्याच रंगाचा असला की त्यात शिरते, मग त्याच्या शेजारच्यात. वेगळ्या रंगाचा ठिपका आडवा आला तरच थांबते. हे मला चटकन कळलं, कारण घरची शेती आहे. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुऱ्याला खेकड्याने बीळ पाडलं की पाणी शेजाऱ्याच्या वावरात आणि भांडण तहसिलीत.

चित्र आठशे टक्के मोठं करून मी बिळं शोधत बसलो. एक शिंगाच्या बुडाशी सापडलं, दुसरं शेपटीच्या गोंड्यात. तिथं मी कलावंताच्या ऐटीत पेनाला झटका दिला होता. म्हणजे रंग शिंगातून अंगात आणि अंगातून शेपटीवाटे आभाळात गेला होता. गिम्प नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१९ पासून अशी बादली आहे, की ती बारीकसारीक फटी बुजलेल्याच धरते. असा पाटकरी मला कुणी आधी दिला असता तर!

दोन्ही बिळं बुजवली, तर बैलाच्या कडेने पांढरा दोरा दिसू लागला. रेष मऊ दिसावी म्हणून तिच्या काठाला करडे ठिपके असतात, त्यांना बिचकून रंग अलीकडेच थांबला होता. भाचा म्हणाला, “टॉलरन्स वाढवा.” टॉलरन्स म्हणजे किती वेगळ्या रंगाला आपलं म्हणायचं, त्याचं माप. मी वाढवत गेलो. माझी सहनशीलता संपली त्याच क्षणी बादलीची इतकी वाढली, की काळी रेषही तिला सख्खी वाटली. पुन्हा सगळा जिल्हा लाल.

बायको दारातली रांगोळी आटपून आत आली. स्क्रीनकडे बघून म्हणाली, “आधी रेघ कशाला काढता? मी रंग पसरवते आणि मग वरून पांढरी रेघ ओढते. रंग थोडा हलला तर रेघेखाली जातो.”

“मामी, अगदी हेच!” भाचा ओरडला. मला चार दिवस न सांगितलेलं त्याने तिला चार मिनिटांत दाखवलं. रेष वरच्या लेयरवर ठेवायची, रंग खालच्या. खाली बैलाचा आकार एका सपाट रंगाने भरायचा, तो जरासा रेषेच्या पोटाखाली सरकवायचा आणि त्या लेयरच्या पारदर्शक भागाला कुलूप लावायचं. मग ब्रश कसाही फिरवा, आधी रंग आहे तिथंच नवा लागतो. मी भिंतीला चुना मारावा तसा हात चालवला. पाठीवर ठप्पे, झुलीवर आरसे, कपाळाला बाशिंग; एक थेंब बाहेर नाही. सरांची पट्टी आठवून दोनदा मुद्दाम बाहेर ब्रश मारला. तरी नाही.

रात्री चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं. अंगठे आले, फुलं आली. दारव्ह्याकडे शेती करणाऱ्या दादाचा निरोप सगळ्यांत शेवटी आला.

“बैल मस्त हाय रे. पण याले वेसण कुठं हाय? असा मोकया बैल कोनाले तरी शिंगं मारन.”

बायकोने चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, “खरंच की.” मी मुकाट्याने नवी लेयर घेतली.