बफरवाला

धनजमध्ये गाडी घेणारे पुष्कळ आहेत. डेक लावायला म्हणून गाडी घेणारा गल्लीत एखादाच. हा जुनी वॅगनआर पाहायला जातो तेव्हा इंजिन ऐकत नाही, टायर पाहत नाही. दाराच्या आतल्या पॅडवर टकटक करतो आणि विचारतो, "याच्यात साडेसहा इंची बसते ना?"

कंपनीचा टेप त्याच्या मते फक्त भोक झाकायला दिलेला असतो. तो आठवड्याच्या आत निघतो. मग आधी कारंजा, तिथे मनासारखं नाही मिळालं की अमरावती. घरी जो ॲम्प येतो त्याच्या खोक्यावर ५,००० वॅट छापलेलं असतं. गाडीच्या १२ व्होल्टवर एवढी वीज ओढायची तर चारशेच्या वर अँपिअर लागतील, आणि ॲम्पला कंपनीनेच फ्यूज दिलेला असतो ३० अँपिअरचा. हा भागाकार चौथीतलं पोरगंही करेल, पण त्याच्यासमोर करू नये. तो म्हणतो, "थे हिशेब राहू दे. तू आत बसून पाह्य."

आत बसायचं तर पाय पोटाशी घ्यावे लागतात, कारण डिक्कीत बारा इंची बफरचा, म्हणजे वूफरचा, डबा आहे आणि डिक्कीतलं सगळं सीटवर आलं आहे. ४५ किलोची युरियाची गोणी पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. म्हातारे बाबा मागे.

गाणं? गाणं त्याने शेवटपर्यंत कधी ऐकलेलं नाही. 'सैराट'साठी अजय-अतुलनी हॉलिवूडला जाऊन ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, हे तो कोणालाही थांबवून सांगेल. पण ढोल आला की गाणं मागे, पुन्हा ढोल, पुन्हा मागे. त्याचे कान दुसरंच शोधत असतात. रेस वाढवली की स्पीकरमधून बारीक कुंईऽऽ येते, म्हणजे अर्थिंग कच्चं. मग रविवारभर पत्र्याचा रंग खरवडायचा, नट आवळायचा, सिग्नलची वायर बॅटरीच्या वायरपासून लांब, दुसऱ्या बाजूने न्यायची. ते जमलं की खडखड. दारांना आतून डांबरी पट्ट्या, नंबरप्लेटमागे सायकलच्या ट्यूबचे तुकडे. तरी खडखड आहेच. समृद्धी महामार्गावर नेऊन पाहिली, गुळगुळीत सिमेंटवरही आहे. अखेर सापडली: आईच्या पिशवीतला स्टीलचा डबा. तेव्हापासून आईने डबा गाडीत न्यायचा नाही.

ही सगळी मेहनत बॅटरीला कळत नाही. इंजिन बंद करून रात्री पोरांना 'बेस' ऐकवला की सकाळी ढकलायला तीच पोरं लागतात.

काढलेला टेप मात्र बाबांनी फेकू दिला नाही. गोठ्यात नेला, फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडला, दारातून निघालेला एक जुना स्पीकर खुंटीला टांगला. आता रोज संध्याकाळी तिथे आकाशवाणीच्या बातम्या आणि सोयाबीनचे भाव, सगळं स्वच्छ ऐकू येतं. परवा चिरंजीव वैरण टाकायला गोठ्यात गेले आणि टोपलं हातातच धरून उभे राहिले.

"बाबा, आवाज लय साफ येऊन राह्यला," तो म्हणाला. "याले एक लहानसा ॲम्प लावू का?"

बाबांनी उठून बॅटरीची वायर काढली आणि पंप पाठीवर घेतला.