पाच मिनिटनं काम

साक्रीत नाना पुष्कळ आहेत. मी म्हणतोय ते नाना मात्र प्रत्येक गल्लीत एकच असतात, कारण एका गल्लीला दोन सोसणार नाहीत. त्यांच्या घराची खूण सोपी. ज्या अंगणात काहीतरी खोललेलं पडलं असेल, ते नानांचं. कधी टेबलफॅन, कधी मिक्सर, कधी शेतातली पाणबुडी मोटर. ‘दुरुस्त’ हा शब्द नाना वापरत नाहीत. ते ‘खोलतात’. जोडणं हा त्यांच्या मते वेगळा विषय, आणि तो दुसऱ्या कुणीतरी घ्यावा.

मिस्तरी या जमातीबद्दल त्यांचं मत ठाम आहे. “मिस्तरी काय करस? खोलस नि पैसा लेस. खोलाले काय पैसा लागतस?”

नानांकडे 2004 मॉडेलची मारुती 800 आहे. सुरतेहून फार स्वस्तात आणलेली. स्वस्त का, ते नंतर कळलं. 2006 च्या ऑगस्टात तापीला महापूर आला, सुरत पाण्याखाली गेली, तेव्हा ही गाडीही गेली होती. आता भूगोल पाहा. आमची कान नदी पांझरेला मिळते, पांझरा तापीला, आणि तापी उकाईच्या धरणातून सुरतेला जाते. म्हणजे साक्रीचं पाणी सुरतेला गेलं, चाकाच्या हबात शिरलं आणि गाडीत बसून परत साक्रीला आलं. नानांना याचं वाईट वाटलं नाही. “गावनं पाणी गावले उनं,” एवढंच म्हणाले.

तर ही गाडी वळताना कट्‌-कट्‌ वाजायला लागली. हायवेवरच्या मिस्तरीने न बघताच ओळखलं. “एक्सलचा सांधा गेला, नाना. रबरी बूट फाटला असेल, ग्रीस गळालं, धूळ गेली, छर्रे खल्लास. कोणत्या बाजूला वळताना वाजतं?”

“डाव्या.”

“मग नाना, असं बघा—”

नानांनी हात वर केला. “समजनं.” आणि घरी आले. डावीकडे वळताना वाजतं म्हणजे डावं चाक, हे सांगायला मिस्तरी कशाला?

रविवारी सकाळी काम निघालं. “पाच मिनिटनं काम शे,” नानांनी जाहीर केलं. त्यांच्या आत्मविश्वासाला इतिहास होता. तरुणपणी त्यांनी ॲम्बॅसिडरची पुढची चाकं डझनभर वेळा काढली होती. पण ॲम्बॅसिडरमध्ये कमावती चाकं मागची. पुढची नुसती मिरवणारी. 1983 साली मारुती आली आणि घर ओढायची जबाबदारी पुढच्यांवर पडली. जबाबदारी पडली की माणूस असो की चाक, आतून गंजतं.

नानांनी आधी गाडी जॅकवर चढवली, मग मधल्या मोठ्या नटाला गोटी पाना लावला. नटाबरोबर चाकही फिरू लागलं. हा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा असतो. मग काकूंना ब्रेकवर बसवलं. काकूंची मेथीची जुडी निवडून झाली, तरी नट जागेवरच. शेवटी पान्याला बोअरचा पाइप अडकवून दोन पुतणे लोंबकळले, तेव्हा नट निघाला. नानांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “आते पाच मिनिट.”

खरी गंमत इथून पुढे. शाफ्टच्या टोकाला उभे दाते असतात, ते हबच्या दात्यांत बसतात. एरवी हाताने ढकलला तरी शाफ्ट मागे सरकतो. पण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. दात्या-दात्यांमध्ये तो पाचरीसारखा ठासून बसला की शाफ्ट आणि हब यांचं लग्न लागतं, आणि ते खानदेशातलं लग्न असल्यामुळे सहज मोडत नाही.

नानांनी घण घेतला. अनुभवी माणूस नट दोन आटे परत चढवतो, त्यावर लाकडाचा ठोकळा धरतो आणि मग मारतो. नानांनी उघड्या टोकावरच मारला. चार घावांत शाफ्टच्या टोकाला कुत्र्याची छत्री उगवली. आट्यांचा सत्यानाश झाला, शाफ्ट मात्र तसूभर हलला नाही.

सोमवारपासून गल्ली जमू लागली. काकूंनी दिव्याच्या काळापासून जपलेली रॉकेलची बाटली रिकामी झाली. मग ब्रेक ऑइल, मग खोबरेल. निवृत्त विज्ञान-शिक्षकांनी सांगितलं, शाफ्ट तापवू नका, हब तापवा. तापलं की भोक मोठं होतं. शास्त्र बरोबर होतं. पण हबात बेअरिंग असतं आणि बेअरिंगात ग्रीस. त्या संध्याकाळी तीन घरांनी आपापली भाजी करपली का ते पाहिलं. एका म्हाताऱ्या आबांनी आठवण काढली, की बैलगाडीला आख असायचा, खीळ उपटली की चाक हातात. त्यांना चहा मिळाला. छडवेलकडे पवनचक्क्यांवर कामाला जाणाऱ्या पोराने सांगितलं, तिकडे पाती क्रेनने काढतात. नानांनी माळाच्या दिशेने पाहिलं. “तठे आभायमधला हब खुलस, नि मन्हा जमिनवरला खुलत नही?” त्या आवाजात पहिल्यांदा दुःख होतं.

शनिवारी पुतण्या एस.टी.ने धुळ्याला गेला, पंचावन्न किलोमीटर, आणि पुलर घेऊन आला. पुलर चाकाच्या बोल्टांवर बसवला आणि मधला स्क्रू आवळला. घण मारला, पुन्हा आवळला, पुन्हा मारला. काही नाही. डिसेंबरची थंडी. नाना आवळलेला पुलर तसाच ठेवून जेवायला गेले आणि झोपले.

रात्री तीनच्या सुमारास ‘ठण्ण’ असा आवाज झाला. कुत्री भुंकली, दिवे लागले. ताण रात्रभर गंजाशी भांडत होता. शेवटी गंजाने हात सोडला. सगळी गल्ली जागी झाली, फक्त नाना झोपलेले होते.

सकाळी ते अंगणात आले, पाहिलं आणि पायरीवर बसले. आम्ही शेजारी एकेक करून जाऊन बसलो. कुणी मोठ्याने बोललं नाही. “सात दिवस उशाशी बठनू,” नाना म्हणाले, “नि कोणी नव्हतं तवय गया.”

तेवढ्यात हायवेवरचा मिस्तरी मोटारसायकलवरून जाताना थांबला. त्याने शाफ्ट बाहेर ओढला, बोटाने बूट दाबून पाहिला, सांधा चारी बाजूंनी फिरवला. बूट अखंड, ग्रीस जागेवर, आवाज नाही.

“तेच सांगत होतो नाना. डावीकडे वळलं की भार उजव्या चाकावर पडतो. वाजतंय ते उजवं.”

अंगणात शांतता पसरली. नानांनी शाफ्ट मांडीवर घेतला, टोकावरच्या छत्रीवरून अंगठा फिरवला, आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं हळूच म्हणाले,

“चांगला व्हता.”