गोल्फची अंतिम पैसेवारी

नाशिककरांनी गोल्फचा प्रश्न फार हुशारीने निकाली काढला आहे. भर शहरातल्या ज्या पटांगणाला सगळं गाव गोल्फ क्लब मैदान म्हणतं, त्याचं कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे क्रिकेट होतं, सभा होतात, पहाटे पोटं सांभाळत लोक फिरायला येतात. गोल्फ तेवढा कोणी खेळत नाही. नाव राहिलं, खर्च वाचला, शिवाय कोणी हरलं नाही. खानदेशाने हाच कित्ता गिरवायला हवा होता. पण आमच्या जळगावच्या भाऊंना हे सांगणार कोण?

भाऊंची जिनिंग आहे, असोद्याच्या बाजूला शेत आहे आणि धुळ्याला व्याही आहेत. पहिल्या दोहोंचा ताप हंगामी असतो, तिसऱ्याचा बारमाही. व्याहीबुवांचा मुलगा पुण्यात. त्याने वडिलांना एकदा येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर नेलं आणि हिरव्यागार गवतावर कंबर वळवून उभ्या राहिलेल्या व्याह्यांचा फोटो भाऊंच्या फोनवर येऊन पडला. तसा हा खेळ देशाला एकदाच कळला होता, 7 ऑगस्ट 2021च्या सकाळी. अदिती अशोकचं टोकियोतलं ऑलिंपिक पदक एका फटक्याने हुकलं आणि घराघरांत बर्डी-बोगीचे जाणकार निपजले. संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकला आणि सगळे जाणकार भालाफेकीकडे वळले. भाऊ तेवढे मागे राहिले होते. त्यांना व्याह्यांच्या फोटोने उठवलं.

त्याच आठवड्यात मुंबईहून सामान आलं. नियमाप्रमाणे पिशवीत 14पेक्षा जास्त क्लब चालत नाहीत. भाऊंनी पुरते 14 घेतले. कमी घेतले तरी चालतं, हे विकणाऱ्याने सांगायचं काही कारण नव्हतं.

अठरा भोकांच्या कोर्सला सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते, तिच्यावर बारा महिने गवत लागतं आणि गवताला पाणी लागतं. जो जिल्हा केळीच्या मुळाशी ठिबकने थेंब मोजून सोडतो, जिथे मे महिन्यात पारा 45च्या घरात गेला तर कोणी मान वर करून बघत नाही, तिथे खेळायच्या गवताला पाणी द्यायचं म्हणजे म्हशींनीसुद्धा तक्रार करावी. भाऊंनी कपाशी उपटलेल्या रानातच कोर्स आखला. काळी कसदार जमीन. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की माणसाचा हात कोपरापर्यंत आत जावा. गोल्फच्या चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर, भोकाचा 108. भोक एकच, भेगा अगणित. चेंडू कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

भाऊंनी नियमपुस्तक धुंडाळलं. घुशीच्या बिळाने चेंडूला अडचण आली, तर दंड न भरता तो बाजूला घेता येतो. शेण आडवं आलं तर उचलून फेकता येतं. ही दोन कलमं लिहिणारा एकदा तरी खानदेशात मुक्कामी राहिला असावा. भेगेची सवलत मात्र आपोआप मिळत नाही. ती समितीने आधी जाहीर करावी लागते. भाऊंनी बांधावरच समिती नेमली. अध्यक्ष भाऊ, सदस्य सालदार. सदस्याने पहिल्याच बैठकीत शंका काढली, "भाऊ, चेंडू शोधाले तीनच मिनिटं म्हंता, अन् रान तर आपलं आठ एकर!" शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, 2019पासून तीन केली आहेत. जगात सगळीकडेच सवलती कमी होत चालल्या आहेत.

त्यातून भाऊंचा फटका उजवीकडे वळतो. बहुतेक नवशिक्यांचा वळतो, पण बहुतेकांच्या उजवीकडे शेजाऱ्याची निसवलेली केळी नसते. शेजारी शेवटी बांधावर आलाच. "काय भो, गारपीटच सुरू केली ना तुम्ही! इम्याचा पंचनामा कोनाकडून करून घ्यायचा?"

असंच चाललं असतं तर भाऊ सुधारले असते, म्हणजे त्यांनी गोल्फ सोडला असता. घात केला तो भरीत पार्टीने. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या आणि पाहुण्यांनी आग्रह केला. पहिल्या फटक्याने चेंडू जागेवरच राहिला, ढेकूळ उडून भरताच्या पातेल्यात पडलं. दुसऱ्याने जमिनीला नुसता वारा घातला. तिसऱ्याला मात्र टक्क असा आवाज आला आणि चेंडू निंबाच्या शेंड्यावरून, विहिरीवरून, थेट पलीकडच्या हरभऱ्यात. हे कसं झालं, ते भाऊंना आजतागायत कळलेलं नाही. पण त्या एका फटक्यापायी गच्चीवर जाळी लागली, खिळ्यांचे बूट आले, पुण्याला शिकवणी लागली आणि फोनवर रोज तीन परदेशी गुरू येऊ लागले. एक म्हणतो डोकं हलवू नका, दुसरा म्हणतो डोकं मोकळं सोडा, तिसरा नवा ड्रायव्हर विकतो. भाऊंनी तिघांचंही ऐकलं. वहिनी म्हणाल्या, "नळाला पाणी आलं की हंडा उचलायला यांची कंबर धरते, अन् इथे बघा कशी चक्रासारखी फिरते!"

आता हँडिकॅपकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. 2020पासून जगभर एकच पद्धत आहे. शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठच हिशेबात धरायच्या. बाकीच्या बारा विसरायच्या. आमच्या पुढाऱ्यांना हे कळलं तर पाच वर्षांतली बरी दोनच मोजा म्हणतील. जितका खेळ कच्चा तितका हँडिकॅप मोठा, कमाल 54. आणि सामन्यात तितके फटके सूट. म्हणजे ही आपली पैसेवारीच की! पीक 50 पैशांच्या आत दाखवलं तरच सवलत. आणि पैसेवारी जशी आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, तसाच भाऊंचा हँडिकॅप. लग्नकार्यात तो 18 असतो, व्याह्यांना पाठवताना 24. अंतिम आकडा सालदाराच्या वहीत. एका भोकाचे फटके भाऊ ऐटीत सांगतात "सात", तो हळूच म्हणतो, "अकरा, भाऊ."

मग व्याह्यांशी पैज लागली. हरेल त्याने नातवाच्या जावळाचा खर्च करायचा. पैज लागताच वर्षभर डवरलेलं पीक दोन्ही जिल्ह्यांत एका रात्रीत करपलं. भाऊंनी कळवलं, माझा हँडिकॅप 54. व्याह्यांनी कळवलं, माझाही 54, आणि तोही त्याच्यावर आकडाच नाही म्हणून. ऐकायला कोणी तयार होईना. शेवटी सरकारी वाट धरली, पीक कापणी प्रयोग. पारोळ्याजवळ एका नातलगाचं मोकळं रान, दोघांनी साक्षीदारांसमोर पाच-पाच चेंडू मारायचे.

वाईट मारायचंच ठरवून व्याहीबुवा उभे राहिले. ना जोर, ना कंबर, ना परदेशी गुरू. चेंडू सरळ रेषेत उठला आणि रानाच्या मधोमध जाऊन टेकला. "हाई काय व्हई गयं!" व्याही किंचाळले. भाऊ मनातून खूश झाले, तसेच ढिल्या हाताने पुढे सरसावले आणि त्यांचा चेंडू त्याच्याही पुढे गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. उजवीकडे एकही वळेना.

सालदाराने पेन्सिल ओली केली. "पन्नासच्या वर गेली भाऊ पैसेवारी," तो म्हणाला, "आता काई भेटत नाही."