पाव लिटर पेट्रोलचा महिमा

ब्रेक साफ करायला वेगळं द्रावण विकत आणावं लागतं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याने आपलं गॅरेज पाहिलेलं नसावं. आपल्याकडे पाण्याच्या कापलेल्या बाटलीत पाव लिटर पेट्रोल असतं आणि त्यात रंगकामातून निवृत्त झालेला एक ब्रश. सकाळपासून त्या पेट्रोलात एक कार्ब्युरेटर, दोन चेन आणि कुणाच्या तरी गिअरबॉक्सचे नटबोल्ट न्हाऊन गेलेले असतात. मग आपल्या गाडीच्या ब्रेकची पाळी येते. ग्रीस, काजळी, जळकं ऑइल असा भेदभाव न करता सगळ्यांना एकाच पाण्यात घेणारी ही समता इतर क्षेत्रांत अजून यायची आहे.

पेट्रोलवाल्यांपेक्षा डिझेलवाले मला अधिक विचारी वाटतात. पेट्रोल निदान उडून जातं. डिझेल कृतज्ञ असतं, जिथे लागलं तिथे राहतं. ब्रेकचं सगळं काम घर्षणावर चालतं, आणि घर्षण म्हणजे शेवटी भांडणच. डिस्क आणि पॅड यांच्यात डिझेलचा पातळ थर बसला की तंटा मिटतो. चूं चूं आवाज बंद. मिस्त्री अभिमानाने सांगतात, “साहेब, ब्रेक एकदम मलई झालेत.” त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नसते. पॅड सच्छिद्र असल्याने हा संस्कार त्याच्या आतपर्यंत मुरतो, नंतर कितीही पॉलिश पेपर मारा, जात नाही. पॅडच बदलावा लागतो. तो मिस्त्रींकडे असतोच.

पण या विद्येचं खरं वैभव रबरात आहे. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, प्रत्यक्षात डॉट-३ आणि डॉट-४ ही ग्लायकॉलच्या कुळातली. त्यांच्या सहवासात टिकावं म्हणून कॅलिपर आणि व्हील सिलिंडरचे सील बहुधा ईपीडीएम रबराचे करतात. या रबराला ग्लायकॉल सोसतं, खनिज तेल सोसत नाही. पेट्रोल, डिझेल, रॉकेल लागलं की ते फुगतं. माहेरपणाला आलेल्या लेकीसारखं अंग धरतं म्हणा ना. फुगलेला सील पिस्टनला परत येऊ देत नाही, ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो. याचे फायदे लोक मोजत नाहीत. हँडब्रेक न ओढता गाडी उतारावर उभी राहते. चाकाजवळ हात नेला तर थंडीत शेकोटीची गरज नाही.

ही ऊब ब्रेक ऑइलपर्यंतही पोचते. ताजं डॉट-३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. मात्र ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि पुरेसं पाणी प्यायलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत घसरू शकतो. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दबतात, दाब पुढे जात नाही आणि पेडल थेट तळाला टेकतं. माणसाचे पाय जमिनीवर असावेत असं वडीलधारे सांगत आलेच आहेत.

आता धार्मिक बाजू. गॅरेजात देवाचा फोटो असतो, फोटोपुढे उदबत्ती असते. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते, गाडीखालच्या खड्ड्यात साचते. खड्ड्यात उभा असलेला पोऱ्या ब्रश बाटलीत बुडवतो, काम झालं की त्याच पेट्रोलाने हात धुतो. पेट्रोलात बेंझीन असतं, ते कर्करोगाला कारण ठरतं, वगैरे सांगणारे लोक स्वतःचे हात कधी काळे करत नाहीत, हे लक्षात घ्यावं.

सुशिक्षित मालकांनीही या परंपरेत आपली भर घातली आहे. ते ब्रेक क्लीनरचा फवारा विकत आणतात आणि मागचं बारीक अक्षर सोडून देतात. फवाऱ्यांत दोन घराणी आहेत. एक ॲसिटोनसारख्या चटकन पेटणाऱ्या द्रवांचं, ते हायवेवरून नुकत्याच आलेल्या तापलेल्या डिस्कवर मारायचं. दुसरं परक्लोरोएथिलीनसारख्या क्लोरीनवाल्या द्रवांचं. हे पेटत नाही, म्हणून निर्धास्त मनाने वेल्डिंगआधी सांधा त्यानेच पुसायचा. वेल्डिंगच्या आचेत आणि अतिनील किरणांत त्याचं विघटन होऊन फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडला तोच हा वायू. भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट बनवायला तोच लागायचा. वास कापलेल्या गवताचा, आणि स्वभाव भिडस्त: पुष्कळदा फुप्फुसांत पाणी भरायला तो काही तास घेतो, तोवर माणूस घरी जाऊन जेवून घेतो. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये परक्लोरोएथिलीनचे ग्राहकोपयोगी वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम काढला. तिथल्या लोकांना हौस म्हणून राहिलेली नाही.

ड्रममधल्या भुकटीवर हवा मारण्याविषयी फार लिहीत नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते श्वासात गेलं तर कित्येक दशकांनी आठवण करून देतं. इतकी चांगली स्मरणशक्ती माणसांत दुर्मिळ.

आमच्या भागात एक रसभंग करणारे गृहस्थ आहेत. ते डिस्क थंड होईपर्यंत थांबतात, गाडी उघड्यावर लावायला सांगतात, डब्यावर क्लोरीनवालं द्रव नसल्याचं वाचून घेतात, खाली ट्रे ठेवतात. फवारा डिस्कवर, पॅड आधीच काढून बाजूला. रबराला फक्त ताजं ब्रेक ऑइल. मग सगळं वाळेपर्यंत स्टुलावर बसून राहतात. तेवढ्या वेळात मिस्त्रींच्या तीन गाड्या मलई होऊन निघून जातात. परवा मिस्त्रींनी त्यांना नम्रपणे विचारलं, “काका, तुम्हाला घरी काही काम नसतं का?”