तारखेचा अध्याय

वॉचनाइटच्या उपासनेत बाराचा ठोका जवळ आला की आपण संत पौलाच्या भावकीतलेच आहोत असं वाटायला लागतं. बाहेर फटाके, आत गायनवर्गाची चढाओढ, आणि त्या भरात आपण वर्षात अख्खं बायबल वाचायचं ठरवून मोकळे होतो. हिशेब सोपा असतो: अध्याय 1189, रोज तीन, रविवारी पाच. उत्पत्ति झपाट्याने सरतं. निर्गमात समुद्र दुभंगेपर्यंत मजा येते, मग निवासमंडपाच्या पडद्यांची मापं सुरू होतात, आणि फेब्रुवारी लागता लागता गाडी लेवीयच्या 13व्या अध्यायात, कातडीवरच्या चट्ट्यांपाशी रुतते. आमच्या नगरकडच्या घरांतली जुनी बायबलं उघडून पाहा. तिथवरची पानं मळकी, पुढची कोरी करकरीत, मग एकदम स्तोत्रसंहिता मळकी.

यंदा मी काही ठरवलंच नाही. नीतिसूत्रांचे अध्याय 31. कॅलेंडर बघायचं, आज जी तारीख तो अध्याय काढायचा. तक्ता नको, खूण नको, आणि एखादा दिवस चुकला तर चुकला. थकबाकी साठत नाही. भक्तीत माणूस आळसाने कमी आणि थकबाकीने जास्त बुडतो, असं माझं मत आहे.

27 तारखेला मात्र गंमत झाली. भल्या पहाटे मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद दिला तर तो शापातच जमा होतो, अशा अर्थाचं वचन समोर आलं. मी रोज साडेपाचला खिडकीत उभा राहून ‘उपासना संगीता’तली टिळकांची गीतं खड्या आवाजात म्हणत असे. शलमोनाला आमच्या सोसायटीची तक्रार कुणी कळवली, देव जाणे. त्या दिवसापासून गुणगुणतो. हळू म्हटल्यावर शब्दांचे अर्थही ऐकू यायला लागले, हा वरचा नफा.

लगेच पुढच्या वचनात भांडकुदळ बायको आणि पावसातली गळती यांना एका माळेत ओवलंय. ते मी मनात वाचायला घेतलं.

“थांबलात का? वाचा की,” ही आतून म्हणाली. तिला बायबल माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. “आणि अहो, सद्गुणी स्त्री 31व्या अध्यायात आहे. म्हणजे तिची पाळी वर्षातून सातदा. भांडकुदळ मात्र बाराही महिने!”

मत्तयाच्या 6व्या अध्यायात खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगितलंय. आमच्या घरात दार लागणारी खोली म्हणजे मोरी. जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना, जिची 19 बाळंतपणं झाली, ती म्हणे ॲप्रन डोक्यावरून ओढून बसायची आणि तेवढा वेळ पोरं तिला हाक मारायची नाहीत. मी पंचा घेतला. पहिल्याच दिवशी हिने पुढ्यात वाफाळतं पातेलं आणून ठेवलं, वर निलगिरीचे दोन थेंब. प्रार्थनाही झाली, नाकही मोकळं झालं. आता पंचा डोक्यावर गेला की नातवंडं टीव्ही बारीक करतात.

मग चर्चमधला बाक बदलला. आमचा बाक आजोबांपासूनचा, पंख्याखालचा. एका रविवारी मी एकटाच पलीकडे जाऊन बसलो. शेजारी एक आजोबा होते. गीतांचं पुस्तक हातात, पण उलटं धरलेलं. मोतीबिंदू. सगळी कडवी पाठ, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी प्रार्थनेत ‘सकळ जगातील दुःखितांसाठी’ म्हणून जग उरकत असे. त्या रात्री पंच्याखाली एकच नाव घेतलं आणि बराच वेळ गेला. सोमवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

इकडे मंडळीत वेगळीच कुजबुज. नवरा एका बाकावर, बायको दुसऱ्या. संध्याकाळी पाळकसाहेब न कळवता भेटीला आले. पोहे खाल्ले, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि या घरातला दुरावा मिटावा म्हणून चांगली लांबलचक प्रार्थना केली. हिने माझ्याआधी ‘आमेन’ म्हटलं, तेही चांगलं ठणकावून.