ओला, सुका आणि ‘राहू दे, लागेल’
नवशिक्यांसाठी कचरा वर्गीकरणाची सुलभ मार्गदर्शिका

पात्रता

ही मार्गदर्शिका पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सुशिक्षित प्रौढांसाठी आहे. आयकराचं विवरणपत्र स्वतः भरणारा, पण दह्याचा रिकामा डबा हातात धरून दोन बादल्यांपुढे गोंधळून उभा राहणारा माणूस आदर्श विद्यार्थी समजावा. लहान मुलांना हिची गरज नाही. त्यांना हे शाळेत शिकवलेलं असतं; ते विसरायला आपण घरी शिकवतो.

साहित्य

दोन बादल्या, एक पिशवी, जुनी वर्तमानपत्रं, एक लाल पेन. वेळ रोज थोडासाच लागतो. सबबी शोधायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही.

पायरी १ : प्रकार पाठ करा

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले : कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. मराठी घरात चौथा भाग त्याच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे : ‘राहू दे, लागेल’. यात श्रीखंडाचे डबे, मिठाईच्या खोक्यांची रबरं, कॅरीबॅगेत कोंबलेल्या कॅरीबॅगा, झाकण हरवलेल्या बरण्या आणि बरणी हरवलेली झाकणं येतात. कुणी हटकलं की या संग्रहाला ‘पुनर्वापर’ म्हणायचं असतं. कसोटी सोपी आहे. गेल्या दिवाळीपासून वस्तूला हात लागला नसेल, तर ती कचराच आहे. फक्त मुक्कामाला माळ्यावर आहे.

पायरी २ : ओला कचरा

भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, उरलंसुरलं अन्न. हा भाग सर्वांना जमतो, म्हणून इथेच चुका होतात. पहिली चूक म्हणजे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरून गच्च गाठ मारणं. त्यामुळे आपली बादली स्वच्छ राहते आणि गाठ फोडून आतला ऐवज बाहेर काढण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे जातं. ओला कचरा बादलीतून थेट ओतून द्या आणि बादली धुवा. धुतल्याने प्रतिष्ठा कमी होत नाही.

दुसरी चूक निर्माल्याची. फुलं कुजतात, पण त्यांच्याबरोबरची जर, प्लास्टिकची पिशवी आणि उदबत्तीचं पाकीट कुजत नाही. देवाला वाहिल्याने पॉलिथिनचा स्वभाव बदलल्याचं अजून कुणाच्या पाहण्यात नाही.

पायरी ३ : सुका कचरा

इथे नवशिक्यांचा कस लागतो. सुका कचरा सुका असावा, ही पहिली अट. डाळीत भिजलेला पुठ्ठा आणि तळाशी आमरस असलेला डबा सुक्या बादलीत टाकला, की शेजारची रद्दीही वाया जाते. डबा तांदूळ धुतलेल्या पाण्याने विसळा. साबण लावून चमकवायचं कारण नाही, त्याला पाहुण्यांसमोर ठेवायचं नाही.

या विसळण्यामागे अर्थकारण आहे. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली आणि २००८ पासून तिचे सभासद महापालिकेबरोबरच्या करारानुसार घरोघरी कचरा घेऊ लागले. त्यांची कमाई दोन गोष्टींवर चालते : घरांकडून मिळणारं मासिक शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे. म्हणजे आपण न विसळलेला डबा कुणाच्या तरी आजच्या मजुरीतून वजा होतो.

आता काही नेहमीचे घोटाळे.

*दुधाची पिशवी :* कोपरा पूर्ण कापून टाकू नका. चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या. पिशवीला भाव आहे. नखाएवढा त्रिकोण वेचायला कुणी बसत नाही, तो गटार गाठतो. पिशवी विसळून वाळवा.

*बाटलीवरचा त्रिकोण :* त्यातला १ ते ७ हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो. पाण्याच्या बाटलीवर १ असतो. त्रिकोण दिसला म्हणजे वस्तूचा पुनर्जन्म पक्का, असं नाही. जन्मपत्रिका असून लग्न न जमणाऱ्यांची संख्या इथेही मोठी आहे.

*वेफर्सचं पाकीट :* आतून चांदीसारखं दिसतं, पण भंगारवाला तोंड फिरवतो. प्लास्टिकचे थर आणि धातूचा मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही. तरीही टाकायचं सुक्यातच.

*दुकानाचं गुळगुळीत बिल :* कागद दिसतो, पण त्यावर रसायनाचा थर असतो. रद्दीच्या गठ्ठ्यात घालू नका.

*थर्माकोल :* यात जवळपास सगळी हवाच. जागा पोतंभर अडते, वजन काहीच भरत नाही आणि भंगाराचा धंदा वजनावर चालतो. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. आपल्या माळ्यावरची जुनी मखरं ही बातमी वाचत नाहीत.

पायरी ४ : ज्याबद्दल बोलायचं नसतं ते

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या. पेन यासाठीच होतं. घरातल्या पुरुषांनी ठिपका काढायला शिकावं. त्याला चित्रकलेची परीक्षा लागत नाही. संकोच वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की ठिपका नसलेली पुडी कुणाला तरी उघडून बघावी लागते.

फुटलेली काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून वर ठळक लिहा. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडू नका, आत पारा असतो. बॅटऱ्या आणि मुदत संपलेली औषधं वेगळी ठेवा. कुठल्या फोनचे ते घरात कुणालाच आठवत नाही, असे चार्जर ई-कचऱ्याच्या संकलनात द्या. मूळ मालक परत येणार नाही.

पायरी ५ : शंकासमाधान

*‘आपण वेगळा दिला तरी गाडीत एकत्रच करतात.’* कधीकधी हे खरं असतं. तेव्हा फोटो काढून क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करा. मात्र ही शंका विचारणाऱ्याच्या घरात एकच बादली असते, हा योगायोग तपासावा.

*‘आमच्याकडे हे मावशी बघतात.’* उत्तम. त्यांना विचारा, त्यांना दुसरी बादली दिली आहे का.

*‘आम्ही कर भरतो.’* उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे लोकही भरतात. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या शिवारात गेला, विहिरींचं पाणी बिघडलं. त्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपल्याच कचऱ्याचा वास आला.

सगळ्या शंकांना मिळून उत्तर एकच आहे. कचरा वेगळा होणारच असतो. आपल्या ओट्यावर, ताजा असताना, आपल्या हाताने की दुसऱ्या दिवशी, सडल्यावर, दुसऱ्याच्या हाताने, एवढंच आपण ठरवतो.

परीक्षा

परीक्षक रोज सकाळी दारात येतात. लेखी काही नसतं. कचरा घेणाऱ्या ताईंनी बादलीत हात न घालता ती रिकामी केली, तर तुम्ही उत्तीर्ण. हात घालून काही बाहेर काढावं लागलं, तर पायरी १ पासून पुन्हा सुरुवात करावी.

उत्तीर्णांसाठी पुढचा अभ्यासक्रम : सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कंपोस्ट खड्ड्याचा विषय मांडणे. त्याची पुस्तिका स्वतंत्र आहे. हेल्मेट स्वतःचं आणावं.